उभ्या गाडीचं दुखणं

वैशाखातली दुपार आहे. ट्रक गोठ्यामागे मुरमाच्या ओट्यावर उभा आहे. काल उभा होता, परवाही होता, आणि पावसाळा सरेपर्यंत हलेल असं दिसत नाही. चाकांना दगड लावलेत, बॅटरीच्या तारा काढून ठेवल्यात, सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा पालथा घातलाय. येणारे-जाणारे विचारतात, "काहून, गाडी बिघडली का?" बिघडलेली नाही. शेतातल्या ट्रकचं मुख्य काम उभं राहणं हेच असतं. हे कळायला मला एक अख्खं वर्ष, बरेचसे पैसे आणि नागपूरजवळच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या उस्ताद मिस्त्रींची भरपूर बोलणी लागली.

आमचं शेत काटोल तालुक्यात. अर्ध्यावर संत्र्याचा बगीचा, उरलेल्या वावरात कपाशी, सोयाबीन, तूर. शेती धाकटा भाऊ करतो. मी नागपुरात नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी जाऊन कुणी न मागितलेले सल्ले देतो. बाबांच्या काळापासून बगीचा उक्ता जायचा. व्यापारी यायचा, झाडांमधून एक चक्कर मारायचा, दोन-चार फांद्या वाकवून बघायचा आणि एक आकडा टाकायचा. तोड त्याची, भरणी त्याची, गाडी त्याची. सोय मोठी होती. पण एका वर्षी आंबिया बहाराची (पावसाळ्यानंतर उतरणाऱ्या फळाची) पहिली तोड नेल्यावर भाव पडले आणि व्यापारी परत फिरकलाच नाही. फोनही उचलेना. फळ झाडावरच पिकून गळायला लागलं. सकाळी बगीच्यात शिरलं की आंबूस वास यायचा. इसाराचे पैसे तेवढे पदरात पडले. त्याच हिवाळ्यात भाऊ म्हणाला, "दादा, पुढच्या साली माल आपणच कळमन्याले नेऊ."

नागपूरचा कळमना बाजार आमच्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर. ट्रॉलीनं नेलं तर रात्र जाते आणि एका खेपेत माल जातो तो कितीसा! भाड्याची गाडी मिळते, पण आंबियाच्या तोडीत काटोल, नरखेड, कळमेश्वर सगळ्यांनाच ती एकाच आठवड्यात हवी असते. तोडलेलं संत्र गाडीची वाट बघत सावलीत दोन दिवस पडलं की लिलावात त्याचा चेहराच सांगतो.

नवा ट्रक घ्यायचा विचार आम्ही केला, नाही असं नाही. मी वही घेऊन बसलो आणि वर्षातले गाडी लागणारे दिवस मोजले. सोयाबीनचे ६, आंबियाचे २४, कापसाचे १५, मृग बहाराचे (उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या फळाचे) १२, खत-बियाणं आणि इकडचं-तिकडचं ६. बेरीज ६३. म्हणजे उरलेले ३०२ दिवस गाडी उभी, आणि हप्ता मात्र बाराही महिने धावणार. शिवाय १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ च्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्यांत सेन्सर आहेत, धुरावर मारायचं युरियाचं पाणी आहे. रोज पाचशे किलोमीटर पळणाऱ्याला ते ठीक आहे. आमच्याकडे ते पाणी मे महिन्याच्या ४५ अंशांत टाकीत पडून राहणार, त्याचा कस जाणार, आणि ऐन तोडीत गाडी दिवा पेटवून रुसून बसणार. बांधावर लॅपटॉप घेऊन येणारा माणूस आमच्या पांदणीत अजून कुणी पाहिलेला नाही.

म्हणून जुना ट्रक. सहा चाकांचा, डिझेलच्या साध्या पंपाचा.

टाटाच्या जुन्या ट्रकांची नावं म्हणजे कुंडलीच असते, फक्त वाचता यायला हवी. १६१३ म्हणजे एकूण वजन १६ टनांच्या घरात आणि ताकद १३० अश्वशक्ती. १२१० म्हणजे बारा टन, शंभर. २५१५ म्हणजे पंचवीस टन, दीडशे. यातलं एकूण वजन हे गाडीसकट असतं, हे पहिल्यांदा घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. सोळा टनांच्या गाडीतून हौदा-केबिनसकट तिचं स्वतःचं सहा-साडेसहा टन वजा केलं की हातात नऊ-दहा टन राहतात. संत्र्याच्या वीस किलोच्या क्रेट लावल्या तर साडेचारशे-पाचशे. आमच्या बगीच्याला एवढी गाडी पुरते. भावाला दहा चाकी हवी होती. पांदणीतल्या त्या दोन वळणांवर ती कशी वळवणार, असं विचारल्यावर तो गप्प झाला.

मग सुरू झालं गाड्या पाहणं. अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांची वस्ती आहे. तिथे रविवारी आम्ही दोघं भाऊ चहा पीत फिरायचो. पहिली गाडी आवडली ती तिच्या रंगामुळे. नवा नारिंगी रंग, नव्या ताडपत्रीचा वास, आत चकचकीत सीट कव्हर. सेल्फ मारला की लगेच चालू. विकणाऱ्यानं अॅक्सिलेटर दाबून दाखवला, आम्ही खूश. कुणीतरी म्हणालं, इसार द्यायच्या आधी एकदा उस्तादांना दाखवा.

उस्ताद सत्तरीचे. गुडघ्यानं अधू, त्यामुळे गाडीखाली स्वतः जात नाहीत; पोट्ट्याला पाठवतात आणि वरून हातोडीचा आवाज ऐकतात. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी विचारलं तर म्हणाले, "इंजिन पाहून राहिले का तुम्ही? इंजिन त मी टाकून देतो. चेसी कोठून आणान?" पोट्ट्यानं मागच्या स्प्रिंगपाट्यांच्या हँगरजवळ चेसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, हातोडी मारली. पुढे टणटण वाजणारं लोखंड तिथे भद्द वाजलं. नव्या रंगाखाली वेल्डिंगची पट्टी होती. "कोळशाची हाय," उस्ताद म्हणाले. उमरेड-चंद्रपूरकडे कोळसा वाहिलेली गाडी. कागदावर दहा टन, पाठीवर किती ते देव जाणे. चेसी एकदा तिथे तडकली आणि आडवी वेल्ड केली, की पुढची भेग वेल्डच्या कडेनं जाते.

दुसरी निघाली रेतीची. ओली रेती भरली की पाणी रात्रभर हौद्यातून चेसीवर ठिबकत राहतं. वरून गाडी बरी दिसते. रिव्हेटची डोकी मात्र नखानं खरवडली तरी पापुद्रे निघतात. तिसऱ्या गाडीचा चेसी नंबर पेन्सिलनं कागदावर उमटवून घेतला तर एक आकडा आरसीशी जुळेना. तिथून आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

घेतली ती चौथी. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. १६१३, पुढे नाक असलेली, रंग उडालेला, इंजिन मेलेलं. ऑइल भरायचं झाकण उघडलं की चिलमीसारखा धूर वर यायचा आणि सायलेन्सरमधून निळा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेलला हवा पुरत नाही, पांढरा म्हणजे पाणी किंवा न जळलेलं डिझेल, एवढं एव्हाना मलाही कळायला लागलं होतं. पण हौद्याच्या फळ्यांना सरकीच्या ढेपेचा वास होता. आयुष्यभर तिनं जिनिंगमधून ढेप आणि रुईच्या गाठी वाहिल्या. १७० किलोची एक गाठ. हौदा शिगोशीग भरला तरी जागा आधी संपते, वजन नंतर. चेसीवर हातोडी मारली की या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आवाज. उस्ताद पहिल्यांदा हसले. मेलेल्या इंजिनामुळे भावही पडेल मिळाला.

आता इंजिन. इथे आम्हा दोघा भावांत आठवडाभर अबोला होता, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

गाडीत होतं टाटाचं ६९७ टर्बो. ६ म्हणजे सिलिंडर, ९७ म्हणजे बोअरची, सिलिंडरच्या आतल्या व्यासाची, मिलिमीटर. स्ट्रोक १२८, एकूण ५,६७५ सीसी. हे घराणं जर्मन. टेल्कोनं (टाटा मोटर्सचं जुनं नाव) १९५४ साली डायमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली आणि तो करार १९६९ ला संपला. आमचे बाबा शेवटपर्यंत टाटाच्या कुठल्याही ट्रकला मर्सिडीझच म्हणत. भावाला हवं होतं कमिन्सचं ६बीटी, ५.९ लिटरचं. तेही टाटाच्याच गाड्यांत कारखान्यातून बसून यायचं. टाटा-कमिन्स ही भागीदारी १९९३ ची. इंजिन नावाजलेलं, खालच्या फेऱ्यांना ओढणारं, डिझेलला कमी. भावाचं म्हणणं, इंजिन बदलायचंच आहे तर चांगलं टाकू. खोटं काय होतं त्यात?

उस्तादांनी त्याला नाही म्हटलं नाही. बोटांवर मोजायला लागले फक्त. इंजिनाचे माउंटिंग बदलतील. बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच प्लेट, सगळं त्याचं लागेल. गिअर बॉक्सचा शाफ्ट जुळला तर ठीक, नाहीतर तोही. रेडिएटर, पंख्याचं अंतर, सायलेन्सरचा पाइप, अॅक्सिलेटरची लिंक. शिवाय ६बीटीला लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली बदलता येणारी नळकांडी, नसतात. ब्लॉकमध्येच बोअर असतो. झिजला की अर्धा मिलिमीटर वाढवून मोठा पिस्टन टाकतात, पुढच्या वेळी आणखी अर्धा. भंगारातून आणलेल्या ब्लॉकचा बोअर कितव्यांदा वाढलाय हे खोलल्याशिवाय समजत नाही, आणि खोलेपर्यंत पैसे दिलेले असतात. "६९७ ले लायनर बदलले का झालं. तुमच्या काटोलात बी कोणीही करन."

कागदांचा प्रश्न त्याहून सरळ होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन मनाला येईल ते टाकता येत नाही; त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीनं बदलता येतं आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो. ६९७ च्या जागी ६९७ म्हटल्यावर नागपूर ग्रामीणच्या कार्यालयात फार प्रश्न आले नाहीत. इंजिन कुठून आलं त्याचं बिल आणि ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मात्र आधीच जवळ ठेवला होता. शेतीचा स्वतःचाच माल नेत असलो तरी एवढ्या गाडीला परमिट, विमा, पर्यावरण कर, दरवर्षीचं फिटनेस हे सगळं आहेच. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या जड गाडीच्या फिटनेसची फी साडेबारा हजारांवर गेली. जुना ट्रक स्वस्त पडतो म्हणणाऱ्यानं हा आकडा वहीत आधी लिहावा.

पण अबोला सुटला तो उस्तादांच्या वेगळ्याच प्रश्नानं. "वर्षाचे किती दिवस चालन गाडी?" मी वहीतला ६३ चा आकडा सांगितला. ते थोडा वेळ तंबाखू मळत बसले. "चालून चालून मेलेल्या गाड्या माह्याकडे कमी येतेत भाऊ. उभ्या उभ्या मेलेल्या रोज येतेत." क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. हँडब्रेक ओढून ठेवला तर ब्रेकचे लायनर ड्रमला धरून बसतात. टाकी अर्धी रिकामी असली की दमट हवेचं पाणी होऊन डिझेलखाली साचतं आणि पंपाच्या नाजूक पोटात गंज चढतो. ऑइल सील सुकतात, उंदीर वायर खातात, एकाच जागी उभे राहून टायर बसतात आणि भेगाळतात. सगळी यादी ऐकून भाऊच म्हणाला, मग ताकदीचं इंजिन घेऊन काय करू, उभंच ठेवायचं असेल तर? त्या दिवशी आमचा ट्रक ठरला. जोराचा नाही, उभं राहणं सोसणारा.

दुसरं ६९७ मिळालं अपघातात केबिन चिरडलेल्या गाडीचं. ब्लॉक धुऊन तपासला, लायनर-पिस्टन नवे, क्रँक पाव मिलिमीटर उतरवून घासून आणला, हेडला फेस मारला, व्हॉल्व्ह बसवले. मायकोचा पंप वेगळा कॅलिब्रेशनला गेला. त्या कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालंय, पण वाडीत पंप अजून मायकोचाच असतो.

मागच्या धुऱ्यात क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी दातेरी जोडी, कोणतं आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उस्तादांनी मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलायला लावली, गिअर बॉक्सकडून धुऱ्याकडे येणाऱ्या शाफ्टवर खडूची खूण केली आणि चाकं एक पूर्ण फेरा फिरवली. शाफ्ट सात फेऱ्यांना जरा कमी फिरला. म्हणजे ६-४१: पिनियनला सहा दात, क्राऊनला एक्केचाळीस. ७-४१ टाकलं तर रस्त्यावर पळते. ६-४१ वर इंजिन जेवढ्या फेऱ्यांत ६० चा वेग देतं तेवढ्यात ७-४१ वर ७० मिळतात. पण काळ्या मातीतून भरलेली गाडी पांदणीत चढवायची तर सहाच बरे. तसंही कळमन्याला दहा मिनिटं आधी पोचून काय, लिलाव त्याच्याच वेळेला सुरू होतो.

इंजिन बसवलं त्या दिवशी मी रजा टाकून गेलो होतो. चेनपुलीला लटकलेलं ते धूड हळूहळू खाली आलं आणि गिअर बॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरेना. तासभर. थोडं वर, थोडं डावीकडे, क्रँक बोटभर फिरवा. मग एकदम 'चक्' असा छोटा आवाज झाला आणि सगळ्यांचे खांदे खाली आले. चालू करण्याआधी उस्तादांनी डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारायला लावला, ऑइलचा काटा उठेपर्यंत. मग पंपाची हवा काढली. हातपंप दाबत राहायचं, नोझलच्या नळीचा नट सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, नितळ डिझेल आलं की आवळायचं. पहिल्यांदा दोनच सिलिंडर बोलले. मग चौथा, पाचवा. पांढऱ्या धुरानं शेड भरून गेली आणि त्यातून सहाही एका सुरात आले. भावानं माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे धुरानं चुरचुरताहेत असं त्यानं दाखवलं आणि मीही तेच दाखवलं.

पहिले दीड हजार किलोमीटर अर्ध्या मालावर चालवली. मग ऑइल बदललं, हेडचे नट पुन्हा आवळले, टॅपेट लावले.

इंजिनाला जेवढे गेले जवळजवळ तेवढेच पैसे ब्रेक, टायर आणि वायरिंगला गेले, आणि यावर गावात आमची थट्टा झाली. ड्रम लेथवर साफ केले, लायनर नवे, ब्रेक चेंबरचे रबरी पडदे नवे, हवेच्या टाकीतलं गंजाचं पाणी काढलं. "नव्या इंजिनाची गाडी थांबत नाही, हे तुम्हाले कळमेश्वरच्या फाट्यावर म्हैस आडवी आली का समजन," असं उस्ताद आधीच म्हणाले होते. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचायला शिकलो. ३४१९ म्हणजे २०१९ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी वय तिथे छापलेलं असतं. आमच्या गाडीचे टायर घासून नाही संपणार, म्हातारे होऊन संपणार.

पहिला हंगाम बरा गेला. कळमन्यात टनावर बोली लागते. पहिल्या दिवशी आमच्या मालाचा पुकारा ऐकताना वडिलांची खूप आठवण आली. त्यांनी आयुष्यभर संत्री पिकवली, पण लिलाव कधी पाहिला नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र उभ्या गाडीनं आपलं दाखवलंच. पावसाळाभर उभी होती. आम्ही सगळं केलं होतं: टाकी काठोकाठ, तारा काढलेल्या, हँडब्रेक सोडून दगड लावलेले, पंधरा दिवसांनी चालू करून थोडी पुढे-मागे. ऑक्टोबरात सोयाबीन भरून निघालो. वीस किलोमीटरवर गाडीचा दम गेला, मग बंद. दहा मिनिटांनी चालू झाली. पुन्हा काही अंतरावर बंद. भावानं फिल्टर बदलला, हवा काढली, शेवटी पंपाला शिव्या दिल्या. उस्तादांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टाकीचं झाकण खोला, अन् कान लावा."

झाकण सैल करताच 'सुस्स' करून हवा आत शिरली. डिझेल वापरलं जात होतं आणि त्याच्या जागी हवा यायला वाटच नव्हती. टाकी आतून ओढ धरून बसली होती. हवेची ती बारीक नळी शोधून काढली तर तिच्या तोंडाला मातीची गुळगुळीत टोपी. कुंभारीण माशीचं घर. काडीनं कोरलं तर मातीबरोबर दोन हिरव्या अळ्या बाहेर आल्या, पिलांसाठी ठेवलेल्या. रस्त्याच्या कडेला, नऊ टन सोयाबीनच्या सावलीत बसून आम्ही दोघं भाऊ किती तरी वेळ हसत होतो. एवढं इंजिन, एवढा पंप, आणि चिमूटभर चिखल.

तेव्हापासून गाडीच्या प्रत्येक नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेली आहे. ब्रेदर, टाकी, एअर फिल्टर, सगळीकडे. भाऊ ती दर अमावास्येला तपासतो. तारीख लक्षात राहावी म्हणून अमावास्या, दुसरं काही नाही.

हे लिहिताना मधूनच मान वर करून बघतोय. ऊन ओट्यावरून उतरलंय. डाव्या हेडलाइटच्या काचेला कडेला बोटभर फट आहे, आणि तिच्याभोवती एक पिवळ्या पायांची माशी मघापासून घिरट्या घालते आहे. पाण्याच्या टाक्याकडे जाते, परत येते. तोंडात काहीतरी आहे. उठायला हवं.